रेघेच्या वर १७ मिलिमीटर

तक्रार हँडलची नव्हतीच. शेजारच्या विंगमधले काका रविवारी सकाळी सायकल ढकलत पार्किंगमध्ये आले आणि म्हणाले, "अरे, जरा बघ ना. उजवीकडे वळलं की मागचा ब्रेक आपोआप लागतो. रबर घासतंय बहुतेक."

मी हँडल उजवीकडे पूर्ण वळवलं, मागचं चाक उचललं आणि पायडल फिरवलं. चाक हललं नाही. हँडल सरळ केलं तर चाक मोकळं. डावीकडे वळवलं, तरी मोकळं. रबर घासत असतं तर ते हँडलची दिशा बघून घासलं नसतं.

मागच्या ब्रेकची केबल डाव्या मुठीपासून निघते आणि फ्रेमच्या दांडीवर येऊन टेकते. हँडल उजवीकडे वळलं की डावी मूठ पुढे जाते, म्हणजे फ्रेमपासून लांब. केबलला झोळ असेल तर काही बिघडत नाही. इथे झोळ उरलाच नव्हता. मूठ पुढे जाताना केबल ओढत होती आणि केबल ब्रेक ओढत होती. पुढच्या ब्रेकला हा त्रास होत नाही, कारण तो चिमट्यावर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कवर, बसलेला असतो आणि चिमटा हँडलबरोबरच वळतो. पण पुढची केबलही काठीसारखी सरळ झाली होती. दोन्ही केबली एकाच वेळी आखूड होत नाहीत. त्या जिथून निघतात ती जागाच वर गेलेली असते.

"काका, हँडल वर घेतलंत का?"

"हो तर! गेल्याच आठवड्यात. आता कसं ऐटीत बसता येतं."

मी वाकून स्टेम बघितलं. हँडलला धरून खाली चिमट्याच्या नळीत उतरणारा हा दांडा. त्यावर आडवी रेघ होती आणि रेघेखाली इंग्रजीत कोरलेली अक्षरं होती: मिनिमम इन्सर्शन, म्हणजे कमीत कमी एवढा भाग आत हवा. ही अक्षरं नळीच्या आत असायला हवीत. ती बाहेर होती आणि स्वच्छ वाचता येत होती.

काकांनीही ती वाचली होती. बँकेत चौतीस वर्षं काढलेला माणूस बारीक अक्षरं वाचल्याशिवाय पुढे जात नाही. "मिनिमम म्हटलंय ना त्यावर? मग मिनिमम तर झालंच की. आपण त्याच्याही वर घेतलंय."

मी त्यांना सायकल घेऊन घरी जाऊ दिलं नाही.

सायकल आणि काका

काका ६६ वर्षांचे. सायकल २०११ साली घेतलेली, दापोलीला नोकरीत असताना. लोखंडी फ्रेम, सरळ हँडल, तीन-सात गिअर, व्ही ब्रेक. दापोलीत पाऊस वर्षाला साडेतीन हजार मिमीच्या आसपास, आणि समुद्रही फार लांब नाही. सायकल तिथे तीन पावसाळे पडवीत उभी होती, मग काकांबरोबर पुण्याला आली आणि बरीच वर्षं पार्किंगमध्ये धूळ खात पडली. निवृत्तीनंतर काकांनी ती बाहेर काढली. आठवड्यातून तीनदा कोथरूडहून खडकवासल्यापर्यंत जायचं, धरणावर चहा प्यायचा आणि परत यायचं. जमलंच तर डोणज्यापर्यंत.

त्रास सुरू झाला तो चाळीसेक मिनिटांनंतरचा. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट, दोन्ही हातांची, बधिर व्हायची. घरी आल्यावर मान धरायची. डॉक्टरांना दाखवून झालं होतं. मानेत वयाला साजेशी झीज, बाकी काळजीचं काही नाही. बरोबरच्या मंडळींपैकी कोणीतरी सांगितलं की हँडल खाली आहे, अंगाचा भार हातावर येतोय, वर घ्या.

सल्ला चुकीचा नव्हता. करंगळीकडे जाणारी नस तळहाताच्या बाहेरच्या कडेने, मनगटाजवळच्या एका अरुंद वाटेने जाते. हँडलवर रेलून बसलं की मुठीचा दाब नेमका तिथे येतो. सायकलवाल्यांचं हे जुनंच दुखणं आहे.

मग काका नाक्यावरच्या दुकानात गेले. दुकानदाराने पाना लावला, पण दांडा हलेना. घासलेट ओतलं, हातोडी मारली, शेवटी पाइपपाना लावून पिळला. दोन तासांनी तो सुटला आणि सुटला तो भसकन वरच आला. पुन्हा खाली ढकलायला गेले तर जाईना. "राहू दे रे, एवढंच बरंय," असं काकाच म्हणाले. दुकानदाराने बोल्ट आवळला आणि पन्नास रुपये घेतले.

दुकानदाराला नावं ठेवणं सोपं आहे. पण गिऱ्हाईक समोर उभं राहून "बरंय" म्हणत असताना अडकलेला दांडा पुन्हा बाहेर काढून साफ करत बसायला पन्नास रुपयांत कोण तयार होईल?

आत किती उरलं

दांडा बाहेर काढण्याआधी मी तो होता तसाच मापला. नळीच्या तोंडाशी बसणाऱ्या लॉकनटच्या वर दिसणारा भाग १०२ मिमी. मग बाहेर काढून पूर्ण लांबी मोजली, १५०. म्हणजे आत होता फक्त ४८ मिमी. रेघ तळापासून ६५ मिमीवर, त्यामुळे ती नळीच्या १७ मिमी वर आलेली. दांड्यावर जुन्या मळाचा एक पट्टा होता, त्यावरून आधीची उंची कळली: ५० बाहेर, १०० आत. एकूण ५२ मिमी वर घेतलं होतं.

ही रेघ कंपनीच्या मर्जीने कुठेही आखलेली नसते. सायकलींच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक, आयएसओ ४२१०, सांगतं की ती तळापासून दांड्याच्या व्यासाच्या किमान अडीच पट अंतरावर हवी. आपल्याकडच्या एक इंची नळीत बसणारा दांडा २२.२ मिमीचा असतो. त्याच्या अडीच पट म्हणजे साडेपंचावन्न. या दांड्यावर रेघ ६५ वर होती, जास्तच सावधपणे आखलेली. काकांचा ४८ त्या साडेपंचावन्नातही बसत नव्हता.

काकांना मिलिमीटर पटले नाहीत. "पाच सेंटीमीटरने काय एवढं होतंय?" मग मी मांडवाचा खांब सांगितला. दहा फुटी खांब तीन फूट पुरला तर त्यावर चढून तोरण बांधता येतं. तोच दीड फूट पुरा आणि बाहेर साडेआठ ठेवा. उभा तोही राहतो, पण त्याला कोणी टेकलं की कळतं. हँडलचंही तेच. चढावर आपण मुठी वर ओढतो, खड्ड्यात त्या खाली दाबतो, आणि दर वेळी दांड्याचं बाहेरचं टोक आतल्या टोकाला उचकटायला बघतं. बाहेर ५० आणि आत १०० असताना बाहेरची लांबी आतल्याच्या निम्मी होती. आता बाहेर १०२ आणि आत ४८, म्हणजे दुपटीहून जास्त. ढोबळ हिशेबाने, हाताच्या त्याच जोराला आतल्या पकडीवर पूर्वीच्या चौपट ताण.

बँकवाल्यांना गुणोत्तर लगेच कळतं. "म्हणजे तारणापेक्षा कर्ज दुप्पट," काका म्हणाले.

एक गोष्ट मात्र ही रेघसुद्धा सांगत नाही, आणि बहुतेक लोक तिथेच फसतात. दांडा नळीत धरला जातो तो पाचरीने. दांड्याचा तळ तिरपा कापलेला असतो आणि त्याला उलट्या तिरक्या कापाचा एक ठोकळा जोडलेला असतो. वरचा बोल्ट आवळला की ठोकळा वर ओढला जातो, तिरक्या कापावरून बाजूला सरकतो आणि नळीच्या भिंतीत घट्ट रुततो. सगळी पकड त्या तळच्या दोन-अडीच सेंटीमीटरची. बाकी दांडा नुसता उभा असतो. आता नळीचं वरचं टोक बघा. लॉकनट बसण्यासाठी नळीला बाहेरून आटे पाडलेले असतात, आणि आटे पाडले की तेवढी भिंत पातळ होते. काकांच्या सायकलीला वरून ४२ मिमीपर्यंत आटे होते. पाचर दाबत होती साधारण २३ ते ४८ मिमीच्या दरम्यान, म्हणजे बहुतांशी आट्यांच्या मागे. पातळ भिंतीला आतून पाचर ठोकण्यासारखं हे. तिथे नळी फुगते, आणि नशीब वाईट असेल तर आट्याच्या खाचेतून चिरते. चिमटा तिथे तुटला तर हँडल हातात राहतं आणि चाक स्वतःच्या वाटेने जातं.

म्हणून दांडा रेघेपर्यंत आत आहे ना, एवढंच बघून थांबू नये. पाचर आट्यांच्या खाली उतरली आहे का, तेही बघायचं. बहुतेक सायकलींमध्ये रेघ पाळली की हे आपोआप होतं. लांब आट्यांच्या नळ्यांमध्ये होत नाही.

उकलताना

दांडा काढायची रीत साधी आहे, पण क्रम चुकला की फजिती होते. वरच्या बोल्टला सहाची ॲलन की लावून तो तीन फेरे सैल केला, पूर्ण काढला नाही. बोल्टच्या डोक्यावर लाकडाचा तुकडा ठेवून हातोडीचा एक ठोका. टक्क असा आवाज येतो आणि बोल्ट दोन-तीन मिमी खाली बसतो. पाचर सुटल्याची ती खूण. बरेच जण बोल्ट सैल केल्यावर लगेच हँडल ओढायला लागतात. बोल्ट सैल झालेला असतो, पण पाचर तशीच रुतून बसलेली असते. मग पाइपपाने निघतात.

पुढचं चाक गुडघ्यांत धरून हँडल डावी-उजवीकडे हलवत वर काढलं. आल्याबरोबर पांढरी भुकटी खाली सांडली. दांडा अल्युमिनियमचा, नळी लोखंडाची, मध्ये दापोलीची खारी दमट हवा. दोन धातू आणि मिठाचं पाणी एकत्र आलं की अल्युमिनियम गंजतं. त्याचा गंज धातूपेक्षा जास्त जागा घेतो आणि दांडा सिमेंटमध्ये पुरल्यासारखा अडकतो. हे टाळण्याचा उपाय म्हणजे सायकल जोडताना बोटभर ग्रीस, आणि वर्षातून एकदा दांडा काढून पुसून पुन्हा ग्रीस. या सायकलीला बारा-तेरा वर्षांत ग्रीस लागल्याची खूण नव्हती.

मग नळी तपासली. लॉकनट आणि त्याखालची आट्यांची वाटी हाताने फिरवून वर काढली. नळी फुगली असती तर फुगलेल्या जागी नट जड झाला असता. तो शेवटपर्यंत सारखाच फिरला. आत टॉर्च टाकून, नखाने आणि मग सुईने चारी बाजूंनी खरवडून पाहिलं. पाचरीचे चकचकीत व्रण होते, पण चीर नव्हती. बाहेरून आटे रॉकेलने धुऊन भिंगातून पाहिले. चिमटा वाचला होता. आठ दिवस चालवली, त्यात दोनच फेऱ्या खडकवासल्याच्या, म्हणून वाचला असेल.

दांड्याचं तसं म्हणता आलं नाही. पाइपपान्याच्या दातांचे खोल ओरखडे, आणि लॉकनटच्या कडेला जिथे तो टेकत होता तिथे एक बारीक गोल वळ. चीर दिसली नाही, पण मला दिसली नाही याचा अर्थ ती नाही असा होत नाही. लोखंड थकतं तेव्हा बऱ्याचदा वाकून किंवा कुरकुरून सांगतं. अल्युमिनियममध्ये ओरखड्यापासून सुरू झालेली चीर आतल्या आत वाढते आणि एखाद्या साध्या गतिरोधकावर दांडा खाडकन तुटतो. मी काकांसमोर तो करवतीने मधोमध कापला. त्यांना वाईट वाटलं. "चांगला होता रे." चांगला दिसत होता, म्हणूनच कापला. नाहीतर पार्किंगच्या कोपऱ्यातून तो कोणीतरी उचलला असता आणि दुसऱ्या सायकलीला लावला असता.

एका काठीला पॉलिश पेपर गुंडाळून नळी आतून घासली. अर्धा तास गेला. मूठभर पांढरी-तांबडी भुकटी निघाली.

मुळात किती वर हवं होतं?

हा प्रश्न आधी विचारायला हवा होता आणि तो कोणीच विचारला नव्हता. दुकानात हँडल जिथे अडकलं तिथे "बरंय" झालं होतं.

नवा दांडा आणण्याआधी मी सीट पाहिली. ती समोरून खाली झुकलेली होती. मोबाइलमधलं लेव्हल लावलं तर पाच अंश. झुकलेल्या सीटवर माणूस सतत पुढे घसरतो आणि स्वतःला हातांनी मागे ढकलत राहतो. म्हणजे काकांच्या हातावरचा निम्मा भार हँडलच्या उंचीचा नव्हताच. सीट सरळ केली. माझ्या खोक्यातला त्याच मापाचा एक जुना, चांगला पण आखूड दांडा काकांच्या आधीच्याच उंचीवर लावून दिला, केबली तात्पुरत्या जुळवल्या आणि त्यांना आठ दिवस तसंच चालवायला सांगितलं.

काका नाराज झाले. वर घ्यायला गेलेलं हँडल पुन्हा खाली आलं होतं. पण पुढच्या रविवारी म्हणाले, बोटं बधिर होतात, पण तासाभराने, आणि तीही फक्त उजव्या हाताची. मान अजून धरते. म्हणजे हँडल वर घ्यायचंच, पण ५२ मिमी नाही. मी त्यांना भिंतीला धरून सायकलवर बसवलं आणि मुठींवर कापडाच्या घड्या ठेवत गेलो. कोपर जरा सैल पडला आणि खांदे कानांपासून खाली आले तेव्हा घडी तीन-साडेतीन सेंटीमीटरची झाली होती. शास्त्रीय पद्धत नाही, पण घडीला पैसे पडत नाहीत आणि ती काढता येते.

उपाय तीन होते. पहिला, लांब दांड्याचा दुसरा क्विल स्टेम, म्हणजे असाच नळीच्या आत उतरणारा. दुसरा, जुन्या नळीत बसणारा जोडतुकडा आणि त्यावर नव्या पद्धतीचा तिरपा स्टेम. यात पुढे उंची-लांबी बदलायची सोय जास्त, पण वजन वाढतं, आणि त्या जोडतुकड्यावरही तीच रेघ असते, हे विसरायचं नाही. तिसरा, दांडा जागच्या जागी ठेवून वर उचललेलं, मागे वळलेलं हँडल लावायचं. तिसरा मला मनापासून आवडतो, कारण त्यात दांड्याला हातच लागत नाही. पण काकांना सरळ हँडलच हवं होतं. चौथा उपाय त्यांनीच सुचवला, ओळखीच्या वेल्डिंगवाल्याकडून दांडा वाढवून घेऊ. त्यावर चर्चा झाली नाही.

१८० मिमी लांबीचा स्टेम मागवला. मागवताना दोन मापं पाहिली. नळीत जाणारा व्यास २२.२ आणि हँडल धरणारी पकड २५.४. पकड एक मिमीने मोठी आली तरी हँडल फिरतं आणि लोक मध्ये पत्रा घालून भागवतात. तसं करू नये. याही दांड्याची रेघ ६५ वर होती, म्हणजे बाहेर जास्तीत जास्त ११५ काढता आला असता. आम्ही ८५ वर थांबलो. आत ९५, पाचर आट्यांच्या बरीच खाली.

इथे एक बारीक गंमत आहे. चिमट्याची नळी उभी नसते, मागे झुकलेली असते, साधारण ७३ अंशांत. म्हणून दांडा ३५ मिमी वर काढला की हँडल सरळ उंचीत ३३ मिमीच वाढतं आणि १० मिमी मागे, आपल्याकडे येतं. काकांसारख्या ताणून बसणाऱ्या माणसाला हे दहा मिमी बक्षीसच.

आवळताना

दांड्याला, पाचरीला आणि बोल्टच्या आट्यांना ग्रीस. हँडल चाकाशी काटकोनात आणून बोल्ट दांड्याबरोबर आलेल्या कागदावरच्या आकड्यापर्यंत टॉर्क पान्याने, म्हणजे आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने, आवळला. तो पाना नसेल तर जुनी परीक्षा आहे. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत पकडून हँडल फिरवायचं. चालवताना लागतो त्याहून बराच जास्त जोर लावला तरी ते फिरता कामा नये. पण अंगातली सगळी ताकद लावून, दात-ओठ खाऊन पाना ओढायचा नाही. अति आवळल्यानेही पाचर नळी फुगवते. मग मुठींवर दोन्ही हातांनी वजन टाकून हँडल पकडीत गोल फिरत नाही ना, ते पाहिलं.

लॉकनट उघडला होता, त्यामुळे बेअरिंग पुन्हा जुळवावं लागलं. पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवली. खडखड आली तर सैल, हँडल अडखळत वळलं तर घट्ट. नुसता दांडा वर-खाली केला असता तर या भानगडीत पडावं लागलं नसतं. जुन्या आट्यांच्या सायकलींचं हे सुख आहे. हँडलची उंची आणि बेअरिंगची घट्टाई यांचा एकमेकांशी संबंध नसतो.

नव्या सायकलींना तो असतो, म्हणून दोन शब्द. नव्या पद्धतीत स्टेम नळीच्या आत नसतो, बाहेरून तिला पकडतो. वर ओढण्यासारखं काही नसतंच. नळी कारखान्यात जेवढी कापली तेवढीच. स्टेमच्या वर कड्या असतील तर त्या खाली घालून तेवढं वर जाता येतं, किंवा स्टेम उलटा बसवता येतो. १०० मिमीचा, सात अंशांचा स्टेम उलटला तर हँडल सुमारे २३ मिमी वर जातं. लोक फसतात ते बोल्टच्या क्रमात. वरच्या झाकणाचा बोल्ट हँडल धरत नाही, तो फक्त बेअरिंगवर हलका दाब देतो. आधी बाजूचे बोल्ट सैल, मग झाकण जुळवायचं, चाक सरळ करायचं आणि शेवटी बाजूचे बोल्ट आवळायचे. बाजूचे आवळून झाल्यावर झाकण पिळत बसलात तर काहीच होत नाही. नळीवर वरून कसायचे उंची वाढवणारे तुकडेही मिळतात. ते कार्बनच्या नळीवर लावू नयेत.

आणि ज्यांच्या घरी अजून सळईच्या ब्रेकची काळी सायकल आहे त्यांच्यासाठी. तिथे हँडल वर घेतलं की पुढची सळई वर खेचली जाते, आणि त्या ब्रेकचं रबर रिमला आतून, खालून वर दाबतं. म्हणजे हँडल वर गेलं की ब्रेक लागलेलाच. आधी सळईचा सांधा सैल करायचा, मग हँडल, मग सांधा पुन्हा जुळवायचा. आमच्या गावचे मिस्त्री हे न सांगता करायचे, त्यामुळे आपल्याला कधी कळलंच नाही.

काकांच्या केबली बदलाव्याच लागल्या. दुकानात व्ही ब्रेकच्या टोकाला केबल सैल सोडून वेळ मारून नेली होती. पण आखूड पडलं होतं ते बाहेरचं वेष्टण, आतली तार नव्हे. पुढच्या ब्रेकची वाकडी नळी वर खेचली जाऊन तिच्या खोबणीच्या कडेवर आली होती. ती निसटली असती तर पुढचा ब्रेक एका क्षणात संपला असता. हँडल दोन्हीकडे पूर्ण वळवून, वेष्टण कुठेही ताणलं जात नाही आणि चाकालाही लागत नाही, अशी लांबी दोरीने मापली. ती जुन्यापेक्षा सहा सेंटीमीटर जास्त निघाली. वेष्टण ब्रेकचंच घ्यायचं. गिअरच्या वेष्टणात तारा लांबीच्या दिशेने सरळ असतात, ब्रेकच्या जोराने ते फाटू शकतं. ब्रेकच्या वेष्टणात तार स्प्रिंगसारखी गुंडाळलेली असते. दिसायला दोन्ही सारखीच काळी. कापलेलं टोक कानशीने सपाट करून टोपी घातली. गिअरच्या केबलींना झोळ होता, त्या तशाच राहिल्या.

खर्च स्टेम, केबली आणि वेष्टण एवढाच. दोन रविवार गेले ते वेगळे.

त्यानंतर

शेवटी लॉकनट आणि दांडा यांच्यावरून खाली जाणारी एक उभी रेघ ओढली, काकूंच्या लाल नेलपेंटने. आणि दांडा जिथे नटात शिरतो तिथे एक आडवी. उभी तुटली तर हँडल फिरलंय, आडवी नटच्या आत गेली तर दांडा खाली सरकलाय. काकांना सांगितलं, दर वेळी निघताना एकदा बघा.

तिसऱ्या आठवड्यात काकांचा सकाळी साडेसहाला फोन. "अरे, काकूची रेघ तुटली." गेलो. उभी रेघ मिलिमीटरभर सरकली होती. आदल्या दिवशी वारज्याच्या उतारावर खड्ड्यात चाक आपटलं होतं. शिवाय पाचर नवी होती, ग्रीस घातलेली, आणि ती अजून नीट बसत होती. मी पाना लावला तर बोल्ट पाव फेरा आणखी बसला. नेलपेंट पुसून नवी रेघ ओढली. ती अजून सलग आहे.

बोटं आता बधिर होत नाहीत, डोणज्यापर्यंत गेले तरच उजवी करंगळी जराशी मुंग्या आणते. मान बरी. फुकट मात्र काही मिळत नाही. हातावरचा भार उतरला तो सीटवर गेला. शिवाय चढावर पुढचं चाक हलकं वाटतं, आणि समोरून वारा असला की छातीवर घेतल्यासारखा लागतो. काका वाऱ्याबद्दल कुरकुर करत नाहीत. सीटबद्दल करतात.

"हँडल झालं," परवा म्हणाले. "आता बूड दुखतंय. रविवारी मोकळा आहेस का?"